एचआयव्हीबाधितांसाठी योग : हेतू, मात्रा आणि निषेध

एचआयव्हीबाधित रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतो तो बहुधा विषाणूवरील औषध मागण्यासाठी नव्हे. झोप लागत नाही, मन उदास असते, भूक मंदावली आहे, वजन वाढत चालले आहे, अशा तक्रारी घेऊन तो येतो आणि बोलण्याच्या ओघात विचारतो, "योगासने केली तर चालतील का?" या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. मात्र त्यामागील हेतू, मात्रा आणि निषेध वैद्यानेच निश्चित करावयाचे असतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचाच विचार करीत आहोत.

बदललेला रुग्ण

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. पुढील अनेक वर्षे आपल्यासमोर येणारा रुग्ण राजयक्ष्म्याच्या वर्णनाशी जुळणारा, अतिकृश आणि क्षीणबल असे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विषाणुरोधक उपचार, म्हणजेच एआरटी, मोफत देण्यास आरंभ केला; पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा नियमित घेणारा रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करीत जगतो.

परिणामी रुग्णाचे स्वरूप पालटले आहे. उशिरा निदान झालेला कृश रुग्ण आजही येतो. परंतु त्याच्या जोडीला मेदोवृद्धी, रक्तदाब आणि प्रमेह असलेला मध्यमवयीन रुग्णही येतो. चरकाचार्यांच्या परिभाषेत एक अपतर्पणोत्थ, तर दुसरा संतर्पणोत्थ. दोघांचा विषाणू एकच असला तरी दोघांना एकच योगाभ्यास देणे अयुक्त होय.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील सेंट लुईस येथे हृद्रोगाची जोखीम असलेल्या ६० बाधितांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. २० आठवड्यांच्या योगाभ्यासाने रक्तदाब काही अंशी उतरला. सीडी-४ पेशी व विषाणूभार यांत मात्र फरक पडला नाही. पुण्यातील बाधितांमध्ये सुदर्शन क्रियेचा अभ्यास झाला व तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जीवनमान सुधारल्याचे दिसले; तथापि त्यातील व्यक्तींच्या सीडी-४ पेशी ४०० हून अधिक होत्या, हे विसरता कामा नये. मणिपूरमधील ४४ बाधितांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महिनाभराच्या योगाभ्यासाने विषण्णता घटली. सीडी-४ पेशींतील वाढ मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती.

हे अभ्यास लहान आहेत. तरीही त्यांतून एक दिशा स्पष्ट होते. योगाचा लाभ मन, निद्रा, रक्तदाब आणि एकूण जीवनमान यांवर दिसतो, विषाणूवर नव्हे. आपल्या शास्त्रात सत्त्वावजय ही चिकित्सेची स्वतंत्र शाखा मानली आहे. योगाचे स्थान तेथे आहे, आणि ते गौण मानण्याचे कारण नाही. आजन्म रोज गोळी घेण्यासाठी लागणारे धैर्य खचलेल्या मनाच्या ठायी कोठून येणार?

खरा धोका

धोका योगात नाही. योगामुळे वाटणाऱ्या बरेपणाचा चुकीचा अर्थ लावण्यात आहे. आमच्या पाहण्यातील एका रुग्णाने एका शिबिरानंतर शांत झोप लागू लागल्यावर, आता रोग आटोक्यात आला असे मानून गोळ्या थांबविल्या. काही महिन्यांनी तो ज्वर, कास आणि वजनातील घट घेऊन आला. तपासणीत फुप्फुसाचा क्षय निघाला. एआरटी पुन्हा सुरू झाली, तो सावरला. परंतु गमावलेले बल परत येण्यास वर्ष लागले.

उपचार खंडित केल्यास काय होते, हे ३३ देशांतील ५,४७२ बाधितांच्या अभ्यासाने २००६ मध्ये दाखवून दिले. सीडी-४ पेशींची संख्या पाहून अधूनमधून औषध थांबविलेल्या गटात संधिसाधू रोग किंवा मृत्यू यांचे प्रमाण अखंड उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पटींहून अधिक होते. म्हणून योग सांगतानाच 'गोळी बंद करावयाची नाही' हे वाक्य उच्चारलेच पाहिजे.

योजना व निषेध

प्रारंभी खोकला, ज्वर, वजनातील घट व रात्रीचा घाम ही चार लक्षणे विचारावीत. एकही आढळल्यास क्षयाची तपासणी होईपर्यंत रुग्णास सामूहिक वर्गात बसवू नये.

कृश रुग्णास शवासन, सुखासनातील संथ श्वसन, योगनिद्रा आणि सांध्यांच्या सौम्य हालचाली पुरेशा आहेत. स्थूल रुग्णास सूर्यनमस्कार व उभ्याने करावयाची आसने द्यावीत. मात्र सुश्रुताचार्यांनी सांगितलेली बलार्धाची मर्यादा दोघांनाही लागू आहे. कपाळी घाम येणे व मुख कोरडे पडणे ही थांबण्याची खूण होय.

तीव्र शिरःशूल असल्यास किंवा दृष्टीपुढे ठिपके व चमक दिसत असल्यास शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती वर्ज्य करून रुग्णास त्वरित तपासणीस पाठवावे. कटिसंधीत वेदना असल्यास अस्थीचा रक्तपुरवठा खंडित झालेला नाही याची खात्री होईपर्यंत पद्मासन देऊ नये. पाय बधिर असल्यास तोलाची आसने भिंतीच्या आधारानेच करवावीत. गोळी घेतल्यानंतर लगेच वमनधौती वा शंखप्रक्षालन करवू नये. औषध शोषले जाण्यापूर्वीच बाहेर पडू शकते.

औषध देताना

हा भाग औषधविक्रेत्या बंधूंनीही ध्यानात घ्यावा. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम हे डोल्युटेग्राव्हिरला बांधून ठेवतात व त्याचे शोषण घटवितात. म्हणून शंख, कपर्दिक, प्रवाळ, मंडूर, लोह, अभ्रक या भस्मांचे कल्प देण्यापूर्वी रुग्ण कोणती गोळी केव्हा घेतो हे विचारावे. एआरटीची गोळी कल्पाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घेण्यास सांगावे. लसणाच्या गोळ्यांमुळे सॅक्विनाव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पिप्पली व मरिचातील पायपरीन औषधांच्या पचनमार्गात हस्तक्षेप करते. तेव्हा 'आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी' ही समजूत ग्राहकाच्या मनातून आपणच काढली पाहिजे.

ही विचारपूस दुकानाच्या फळीवर चारचौघांत होऊ नये. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची स्थिती उघड करणे निषिद्ध आहे. त्याचप्रमाणे औषध नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये, ज्या रोगांच्या निवारणाचा दावा औषधाने करू नये त्यांत, एड्सचे नाव प्रथम आहे.

आमच्या मते वैद्याने अशा प्रत्येक रुग्णाच्या पत्रकावर निद्रा, वजन व रक्तदाब यांबरोबरच 'गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या?' हा प्रश्न नोंदवावा. योगाभ्यास सुरू झाल्यावर त्या रकान्यातील आकडा शून्याकडे जात असेल, तर आपली योजना योग्य आहे. तो वाढू लागल्यास मात्र आसनांची फेररचना करीत न बसता रुग्णाशी बोलावे आणि त्याच दिवशी त्यास एआरटी केंद्राकडे पाठवावे.