वळणाबरोबर वळणारी चाकं

पुणे-मुंबई मार्गावरच्या बेगडेवाडीच्या फलाटावर लोणावळा लोकल क्षणभर टेकते आणि लगेच सुटते. या मार्गावर विजेची इंजिनं १९२९ मध्येच आली. जुनं वाफेचं इंजिन जवळून पाहायचं असेल, तर लोणावळा-खंडाळा मागे टाकून भोर घाट उतरावा, कर्जत ओलांडावं आणि नेरळला उतरावं.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून सुमारे सोळा लाख रुपयांत हा मार्ग उभा राहिला. दोन रुळांतलं अंतर अवघं दोन फूट. वीस-एकवीस किलोमीटरच्या वाटेत एकच बोगदा आहे, मात्र चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि वळणं घोड्याच्या नालेसारखी.

अशा वाटेवर इंजिनाची मोठी पंचाईत होते. चढ चढायला जोर हवा, म्हणून चाकांच्या तीन जोड्या दांड्यांनी एकमेकींना जोडाव्या लागतात. पण अशी सहा चाकं एका ताठ चौकटीत बसवली, की तीव्र वळणावर ती रुळांना घासतात, अडकतात, प्रसंगी रूळ सोडतात. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने माथेरानसाठी चार इंजिनं घडवली, ती क्लीन-लिंडनर पद्धतीचा आस वापरून. हा आस पोकळ असतो. त्याच्या आत दुसरा, भरीव आस. दोघांची गाठ मधोमध एका गोल सांध्यावर. आतला आस चौकटीतच फिरतो, बाहेरचा मात्र चाकांसकट थोडा तिरपा होतो, थोडा बाजूला सरकतो. वळण आलं की टोकाची चाकं वळणाबरोबर वळतात, आणि तरीही जोर लावत राहतात. ही युक्ती शोधणाऱ्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

बाकीचं यंत्र समजायला घरातला पाण्याचा बंब आठवावा. बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी तापतं. इंजिनाच्या बॉयलरमध्ये अशा अनेक नळ्या असतात. त्यांतून भट्टीतले तप्त वायू जातात, भोवतीच्या पाण्याची वाफ होते आणि ती दट्ट्या ढकलते. चढावर हे पाणी भराभर संपतं. वाटेतल्या एका स्थानकाचं नावच ‘वॉटर पाइप’ आहे. इंजिन तिथे पाणी प्यायचं. उतरताना कसोटी ब्रेकची. ती एकट्या ड्रायव्हरच्या हाती नसे. डब्यांवर ब्रेक सांभाळणारी माणसं असत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर ती ब्रेक आवळत.

पन्नासच्या दशकात डिझेल इंजिनं आली, तरी वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. पाऊण शतक, तेही अशा चढावर! पुढे चौघांची पांगापांग झाली. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, ७४० क्रमांकाचं थेट इंग्लंडमध्ये लेटन बझर्डला पोचलं. उरलेली दोन आपल्या मार्गाच्या दोन टोकांना, नेरळ आणि माथेरानला, दिमाखात उभी केली गेली. नंतर या मार्गावर वाफेचं इंजिन परत आणायचं ठरलं, तेव्हा दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं इंजिन नेरळला आलं.

जतन म्हणजे रंग, कठडा आणि नावाची पाटी एवढंच आपल्याकडे बहुतेकदा होतं. तेवढ्यानेही इंजिन भंगारात जाण्यापासून वाचतं, हे मोलाचं आहेच. पण माथेरानच्या इंजिनाचं सगळं वेगळेपण दडलंय ते पोकळ आसात, आणि तोच बाहेरून कुणाला दिसत नाही. मुलं इंजिनापुढे उभी राहून फोटो काढतात आणि निघून जातात. त्याच इंजिनाशेजारी एका आसाची कापीव प्रतिकृती चाकांसकट ठेवता येईल, आतला गोल सांधा दिसेल अशी. एखाद्या मुलीने चाकाला हात लावून ते जरासं ढकलावं, ते तिरपं व्हावं, आणि तिने खाली वाकून आत पाहावं.