जर्बेरा आणि उपनगरातला सज्जा

दादरच्या फुलबाजारात जर्बेराची जी टपोरी फुले पारदर्शक टोप्या घालून दाखल होतात, त्यांपैकी कित्येक तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांत, मावळच्या थंड रात्रींच्या आश्रयाने वाढलेली असतात. तेच रोप मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या सज्जात आणले असता आषाढ सरतो न सरतो तोच का कुजते, याचे कारण बहुधा त्याच्या गाभ्यात सापडते. हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन प्रांतीचे. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ सिद्ध करणाऱ्या जोसेफ हुकरने १८८९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उघड्या माळावरच्या या वनस्पतीची सर्व पाने जमिनीलगत एकाच केंद्रातून फुटतात, आणि त्या केंद्रात पाणी साचले की फायटोफ्थोरा नामक सूक्ष्मजीव आपला अंमल बसवतो.

म्हणून लावताना गाभा मातीच्या अर्धा इंच वर राहील अशी तजवीज करावी; आमच्या पाहण्यात रोपे दगावतात ती बहुतेक खोल पुरल्यामुळेच. नारळाच्या काथ्याचा भुसा, कंपोस्ट व जाड रेती यांचे मिश्रण उत्तम. पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने द्यावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली न्यावी. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडली, तर लोहाची उणीव समजावी. फूल मात्र कापू नये: दांडा बुडाशी धरून, किंचित पिरगाळून उपटावा, कारण मागे उरलेले खुंट सडून तीच व्याधी गाभ्यापर्यंत नेते.