हापशाच्या पाण्यातला सोमल

बांगलादेशातली खेडी पूर्वी तळ्याचे पाणी प्यायची. त्याच तळ्यात भांडी घासायची, गुरे धुवायची, आणि हगवण-कॉलऱ्याने लहान मुले दगावायची. 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तिथे गावोगाव हापसे बसू लागले. जमीन सगळी गाळाची, फोडायला खडक नाही. चार माणसे एका दिवसात हाताने नळी जमिनीत उतरवत. लोकांनी मग पदरमोड करून घरोघरी हापसे घेतले आणि त्यांची संख्या 80 लाख ते 1 कोटीच्या घरात गेली. पाणी गार, नितळ, वास ना चव.

त्या नितळ पाण्यात आर्सेनिक होते. रसायनशास्त्र त्याला उपधातू म्हणते, आपल्या आजोबा-पणजोबांना तो सोमल म्हणून ठाऊक होता.

सोमल म्हटले की कोणीतरी कालवलेले विष डोळ्यांपुढे येते. इथे कोणी काही कालवलेले नाही, नदीकाठी कारखानाही नाही. हिमालयातून गंगा-ब्रह्मपुत्रेने हजारो वर्षे जो गाळ वाहून आणला, त्याच्या कणांवर लोहाच्या गंजाचे पापुद्रे असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेले असते. गाळाबरोबर झाडपाला, शेवाळही गाडले जाते. ते कुजवणारे जिवाणू आधी तिथला प्राणवायू संपवतात, मग लोहाच्या गंजावर गुजराण करतात. गंज विरघळला की आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात उतरते. गाळाचे थर ठिकठिकाणी वेगळे, त्यामुळे एका अंगणातला हापसा विषारी आणि पन्नास पावलांवरचा चांगला, असेही घडते. दीडशे मीटरखालच्या जुन्या थरांतले पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित असते, पण तितके खोल जायला पैसा लागतो.

1983 मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून काही रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब उडावेत तसे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत, त्यांवर मक्याच्या दाण्याएवढ्या गाठी. साहांनी दुखणे ओळखले आणि पाण्यापर्यंत माग काढला. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती 1988 पासून जिल्हे पालथे घालत ओरडून सांगत राहिले. सीमेपलीकडे, त्याच गाळावर वसलेल्या बांगलादेशात आर्सेनिकची अधिकृत नोंद व्हायला 1993 साल उजाडले. ब्रिटिश भूविज्ञान सर्वेक्षण संस्थेने 1992 मध्ये तिथल्या भूजलाचा अहवाल दिला होता. त्यात बरीच मूलद्रव्ये तपासली होती, आर्सेनिक नव्हते. गावकरी थेट इंग्लंडच्या न्यायालयात गेले, पण 2006 मध्ये तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्यांचा दावा फेटाळला. कायद्याने संस्था सुटली खरी, मात्र अशा अहवालात काय तपासले नाही हे ठळक छापायला काय हरकत होती?

2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात संशोधक ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या या प्रकाराला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले. संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशची 50. पुढे प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात उथळ हापशांपैकी 27 टक्के या ढिल्या मर्यादेच्याही पलीकडे निघाले. विष हळू चढते. डाग दिसायला वर्षे जातात, आणि त्यानंतर त्वचा, फुप्फुस किंवा मूत्राशयाचा कर्करोग गाठू शकतो. डाग संसर्गाचे समजून मुलींची लग्ने मोडली, हा आणखी एक जाच.

तपासणी मात्र अवघड नाही. बाटलीत पाणी घ्यायचे, पुड्या टाकायच्या, टोपणात कागदाची पट्टी अडकवून थांबायचे. आर्सेनिक वायुरूपाने वर येते आणि पट्टी पिवळी, जास्त असेल तर तपकिरी होते. अशा चाचण्या करून लाखो हापशांच्या तोंडाला रंग दिला गेला: हिरवा प्यायला, लाल फक्त धुण्या-भांड्यांना. कित्येक बायकांनी लाल हापसा सोडून शेजारच्या आळीतून पाणी आणायला सुरुवात केली. पण रंग उडतो, नवे हापसे बसतात, आणि त्यांची तपासणी राहून जाते.

महाराष्ट्राच्या काळ्या दगडात गंगा-ब्रह्मपुत्रेसारखा गाळ नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडचे दुखणे फ्लोराइडचे. तरी गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागढ चौकी भागात, कौडीकसा गावी, खडकातूनच आर्सेनिक पाण्यात आल्याचे 1999 मध्ये उघड झाले आहे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. म्हणून बोअरचे पाणी तपासायला देताना आर्सेनिक आणि फ्लोराइड तपासणार का, हे नाव घेऊन विचारावे.

बांगलादेशात उपाय ठाऊक होऊन दोन दशके उलटल्यावर, 2016 मध्ये, ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हाही सुमारे 2 कोटी लोक तेच पाणी पीत होते. सरकारी खोल हापशांपैकी निम्म्यांच्या जागा ठरवण्यात खासदारांचा शब्द चालत होता, आणि कित्येक हापसे गरजू वस्तीऐवजी समर्थकांच्या आवारात उभे होते.