रस्ता दिसतो, पण जोडलेला नाही
(लेखमाला : नकाशामागचं गणित – लेखांक ७)

कामथडीहून भोरला कसं जायचं, हे कामथडीत कोणीही सांगेल. पुणे-सातारा महामार्गाने कापूरहोळ गाठायचं, तिथून उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता. गेल्या आठवड्यात आपण भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले होते. आता त्याच लेयरवर 'शॉर्टेस्ट पाथ' चालवून हाच प्रश्न संगणकाला विचारा. कधी वाट नाहीच असं उत्तर येतं. कधी वाट महामार्गाने थेट नीरा ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत, शिरवळला जाते आणि तिथून उलटी फिरते. कधी वाट बरोबर दिसते, पण वेळ असा निघतो की एसटीच्या ड्रायव्हरला हसू यावं. यात पहिला प्रकार सर्वांत बरा, कारण चूक आहे हे निदान कळतं. अहवालात जाऊन बसतो तो तिसरा.

मुळात संगणकाला नकाशा दिसत नाही. १७३६ साली ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवताना शहर बाजूला ठेवलं आणि 'कोण कोणाला जोडलंय' एवढंच शिल्लक ठेवलं. १९५९ साली डाइक्स्ट्राने सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत छापली, तीही याच उरलेल्या जाळ्यावर चालते. (ही रीत आपल्याला ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना वीसेक मिनिटांत सुचली, असं तो पुढे सांगायचा.) गणित पक्कं आहे, आज सॉफ्टवेअर बहुधा तेच किंवा त्याचंच भावंड वापरतं. त्यामुळे उत्तर चुकलं की गणितावर संशय घेऊ नका, जाळं तपासा.

कापूरहोळच्या तिठ्यावर जाऊ. पडद्यावर भोरचा रस्ता महामार्गाला टेकलेला दिसतो. आता १:५० इतक्या प्रमाणापर्यंत जवळ जा. रेषेचं टोक महामार्गाच्या रेषेपासून अर्धा मीटर अलीकडेच थांबलेलं असू शकतं. हाताने गिरवलेल्या लेयरमध्ये हे सर्रास होतं. समजा टोक बरोबर टेकलेलं आहे, तरी महामार्गाच्या रेषेवर त्या ठिकाणी स्वतःचा बिंदू नसेल तर जोड होत नाही. रेषा रेषेला टेकून भागत नाही, बिंदूला बिंदू भेटावा लागतो. उपाय साधा आहे : स्नॅपिंग आणि 'टोपोलॉजिकल एडिटिंग' चालू करायचं आणि टोक ओढून महामार्गाच्या रेषेवर बसवायचं, म्हणजे समोरच्या रेषेवरही बिंदू पडतो. शेकडो तिठे असतील तर ग्रास (GRASS) या सॉफ्टवेअरमधलं 'व्ही.क्लीन' आहे, पण ते चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा.

इथे बरेच जण पळवाट काढतात : टॉलरन्स वाढवायचा. टॉलरन्स म्हणजे इतक्या अंतराच्या आतले बिंदू एकच मानायचे. पण तो फक्त बिंदूंना जवळ आणतो, मध्येच टेकलेल्या रेषेला त्याचा उपयोग नाही. शिवाय कामथडीसारख्या महामार्गालगतच्या गावात तो घातकच. सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता काही मीटरच्या अंतराने समांतर धावतात. टॉलरन्स दहा मीटर ठेवला की जिथे दोघांचे बिंदू समोरासमोर येतील तिथे मधलं बॅरिकेड नाहीसं होतं आणि गाडी वाटेल तिथून आत-बाहेर करू लागते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांचंही तेच. पुलावरच्या आणि खालच्या रेषा नकाशात एकमेकींना छेदतात, पण त्यांचा सामाईक बिंदू नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. घाईने 'सगळे छेद तोडा' असा हुकूम दिला तर गाडी पुलावरून थेट खालच्या रस्त्यावर उतरते.

एककाचा घोळ तर याहून वरचढ. उतरवलेला लेयर अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत असतो. तिथे टॉलरन्स म्हणून १ टाकला तर तो मीटर नव्हे, एक अंश. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. दोन्ही तालुके एका बिंदूत गोळा होतात. आधी लेयर यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात बदलून घ्या, पुणे जिल्हा त्यातच येतो. मग मीटर म्हणजे मीटर.

आता शिरवळची गोष्ट. महामार्गाच्या दोन बाजू नकाशात दोन वेगळ्या, एकेरी रेषा असतात. इथे महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून पूर्वेची रेषा साताऱ्याकडे आणि पश्चिमेची पुण्याकडे जायला हवी. रेषांवर बाण काढून बघा, उलटा बाण लगेच नजरेत भरतो. बाण बरोबर असतील, तर महामार्गाखालून पलीकडे नेणारा रस्ता जोडायचा राहिला आहे का ते पाहा. भोर महामार्गाच्या पश्चिमेला, साताऱ्याकडे जाणारी गाडी पूर्वेच्या बाजूला. ओलांडायला जागा नसेल तर संगणक बिचारा पुढच्या वळणापर्यंत जाणारच. आणि दिशेचा रकाना टूलला दिलाच नाही, तर क्यूजीआयएस प्रत्येक रस्ता दुहेरी धरतं. मग वाट झकास निघते, फक्त ती राँग साइडने असते.

तुटलेले तुकडे हुडकायची माझी आवडती युक्ती : कामथडीवर एक बिंदू ठेवा आणि 'सर्व्हिस एरिया' चालवा, प्रवासाची मर्यादा मुद्दाम अवाढव्य, शंभर-दोनशे किलोमीटर. दोन्ही तालुक्यांतला पोचण्याजोगा प्रत्येक रस्ता त्यात यायला हवा. हा निकाल मूळ लेयरवर ठळक रंगात टाका. ज्या वाड्या-वस्त्यांचे रस्ते रंगले नाहीत, ते जाळ्यापासून सुटलेले आहेत. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.

गावाचा बिंदू कुठे ठेवलाय हेही महत्त्वाचं. बरेच जण गावाच्या महसुली हद्दीचा मध्यबिंदू घेतात. राजगडच्या डोंगराळ भागात तो गावठाण सोडून भलत्याच उतारावर पडू शकतो, आणि टूल त्याला सर्वांत जवळच्या रेषेला चिकटवतं, मग ती शेजारच्या खोऱ्यातली का असेना. कामथडीचा बिंदू महामार्गाच्या मुख्य रेषेला चिकटला तर गावातून महामार्गावर यायचा वेळ हिशोबातून गायब. बिंदू गावठाणात, शक्यतो ग्रामपंचायतीपाशी ठेवावा.

उरला वेळ. वेगाचा रकाना दिला नाही तर क्यूजीआयएस सगळीकडे ताशी ५० किलोमीटर धरतं. महामार्गाला तोच वेग आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालाही तोच! महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा), इतर जिल्हा मार्ग (इजिमा), ग्रामीण मार्ग अशा वर्गांप्रमाणे वेग द्या, घाटाला वेगळा. रकान्यात '६०' ऐवजी '६० किमी' असा मजकूर नको, आकडाच हवा. मग भोर आगाराच्या गाड्यांच्या वेळांशी ताडून पाहा. एसटी थांबत जाते, म्हणून संगणकाचा वेळ थोडा कमी येणं ठीक. निम्मा आला तर वेग फुगवलेत.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर भाटघर धरणाकडे बघा. येळवंडी नदीच्या फुगवट्याच्या दोन्ही काठांना गावं आहेत. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयाभोवती सरळ वर्तुळ काढलं तर दोन्ही काठ सारखेच जवळ दिसतात, पण रुग्णवाहिका पाण्यावरून जात नाही. रस्त्याने काढलेलं अंतरच इथे खरं, आणि तेही जाळं नीट असेल तरच.

वरंधा घाटाचं दुखणं मात्र यातल्या कशानेच बरं होत नाही. भोर-महाड रेषा नकाशात जोडलेली आहे, दिशा बरोबर, वेगही बरोबर. पण पावसाळ्यात घाट वाहतुकीला बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि संगणक खुशाल तिथून गाड्या सोडत राहतो. ऋतूप्रमाणे रस्ते चालू-बंद कसे करायचे, ते पुढच्या लेखांकात.