पाचगणीची पाच पोरं

1958 साली सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत, सेंट पीटर्स या निवासी शाळेतल्या पाच मुलांनी एक बँड काढला. नाव ठेवलं ‘द हेक्टिक्स’. गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रँच, ड्रमवर व्हिक्टरी राणा, बासवर फरांग इराणी आणि पियानोवर फारोख बलसारा. जेमतेम चार वर्षं हा बँड वाजला आणि शाळा सुटली तसा तोही सुटला. त्याची तबकडी कधी बाजारात आली नाही. शाळेतल्या बँडचं साधारण असंच होतं, आणि हेक्टिक्सचंही नाव आज कुणी घेतलं नसतं. पण त्यातला पियानोवाला पुढे लंडनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला.

तेव्हापासून ही गोष्ट उलट्या टोकाकडून सांगितली जाते. ‘फ्रेडी मर्क्युरीचा पहिला बँड’ एवढीच हेक्टिक्सची ओळख उरली. वास्तविक हा बँड त्याचा नव्हताच. पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस मरे. फारोख बाजूला पियानोवर बसायचा आणि मागून सूर धरायचा. 1960 साली शाळेच्या हॉलमधल्या कुणालाही विचारलं असतं, की यातला कोण नाव काढेल, तर बोट मरेकडेच गेलं असतं. म्हणून मला ही गोष्ट पाचही जणांची म्हणून सांगायची आहे.

फारोखचा जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी बलसारा तिथल्या इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात रोखपाल होते. घर पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसाडकडचं. पोराला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आठ वर्षांच्या फारोखला बोटीत बसवून मुंबईला आणि तिथून घाट चढून पाचगणीला धाडलं. मोठी सुट्टी मुंबईच्या नातेवाइकांकडे जायची. आईबापांची भेट क्वचित. वरचे दात पुढे आलेले, त्यावरून मुलं त्याला ‘बकी’ म्हणत. ‘फ्रेडी’ हे नावही याच शाळेतलं. मुलगा लाजाळू होता, पण टेबल टेनिसमध्ये पुढे, मुष्टियुद्धातही उतरायचा, आणि 1958 मध्ये कनिष्ठ गटातला अष्टपैलू विद्यार्थी म्हणून त्याला बक्षीस मिळालं. संगीतात त्याला गती आहे हे शाळेच्या लक्षात आलं. तसं घरी कळवल्यावर आईवडिलांनी जादा फी भरून पियानोची शिकवणी लावली. चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या.

पाचगणी हे गावच मुळी इंग्रजांनी हवा खायला वसवलेलं, सुमारे 1300 मीटर उंचीवरचं. निवासी शाळांचं दाट जाळं, चर्च, पारशांचे बंगले. पण वाईहून वर चढणारा पसरणीचा घाट ज्या गावावरून ओळखला जातो, ते पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. खाली पोवाडा आणि लोकनाट्य, वर पियानो. मधे एकच घाट. या दोन जगांची तेव्हा गाठ पडल्याचं कुठे दिसत नाही. पडली असती तर मला वाचायला फार आवडलं असतं!

आता प्रश्न असा, की त्या डोंगरावर रॉक अँड रोल पोचलं कसं? टीव्ही नव्हता, परदेशी तबकड्या महाग. उत्तर रेडिओ, आणि तोही आपला नव्हे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि देशभरच्या श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून सरकारने चूक दुरुस्त केली खरी, पण सिलोनची सवय जडली ती जडली. बिनाका गीतमाला सगळ्यांना आठवते. त्याच केंद्राच्या इंग्रजी कार्यक्रमांतून एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड ही मंडळी भारतीय घरांत शिरली. एका मराठी मंत्र्याच्या सोवळेपणाने इंग्रजी धांगडधिंग्याला असा हातभार लावला, याची मला गंमत वाटते. त्याच 1957 मध्ये पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डिका’ देऊन हिंदी सिनेमालाही त्या ठेक्यावर नाचवलं होतं.

फारोखचं वैशिष्ट्य इथे कामाला आलं. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर बसून वाजवून दाखवायचा, असं त्याच्या वर्गमित्रांनी सांगितलं आहे. नोटेशनची पुस्तकं नाहीत, तबकडी पुन्हा पुन्हा लावायची सोय नाही; अशा ठिकाणी असा कान असलेला मुलगा म्हणजे बँडचा अर्धा संसार. हेक्टिक्सची सगळी गाणी उसनी होती, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांच्या वळणाची. क्लिफ रिचर्ड हा ‘इंग्रज’ एल्व्हिस मानला जाई, पण त्याचा जन्म 1940 चा, लखनौचा. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तो भारतातच वाढला.

उरलेला अर्धा संसार जुगाडाचा. फरांग इराणीचा बास म्हणजे चहाची रिकामी लाकडी पेटी. ती पालथी घालायची, मधे भोक पाडून दोरी ओवायची आणि दोरीचं दुसरं टोक एका काठीला बांधायचं. काठीचं बूड पेटीच्या कडेवर टेकवून ती मागे ओढली की दोरी ताणली जाते, स्वर चढतो. सैल सोडली की उतरतो. पेटीच्या पोकळीत आवाज घुमतो. सप्तक अचूक लागत नाही, पण ठेका भरतो, आणि नाचायला तेवढं पुरतं. ही युक्ती पाचगणीची नव्हे. 1956 मध्ये लॉनी डोनेगन या गायकाच्या ‘रॉक आयलंड लाइन’ने इंग्लंडला स्किफल संगीताचं वेड लावलं आणि घरोघरच्या पोरांनी चहाच्या पेट्या, कपडे घासायच्या पत्र्याच्या फळ्या वाजवायला घेतल्या. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननचा ‘क्वारीमेन’ बँड असाच उभा राहिला, आणि त्यातूनच पुढे बीटल्स. म्हणजे लिव्हरपूलची पोरं आणि पाचगणीची पोरं जवळपास एकाच वेळी सारख्याच पेटीवर दोरी ताणत होती.

शाळेचे समारंभ आणि आनंदमेळावे हेच हेक्टिक्सचे कार्यक्रम. पांढरे शर्ट, टाय, चुण्यांच्या पँटी, तेल चोपडून वर वळवलेले केस. शेजारच्या किमिन्स शाळेच्या मुली प्रेक्षकांत असल्या की त्यांनी किंचाळायचं, कारण परदेशात अशा गाण्याला मुली किंचाळतात हे त्यांनाही ठाऊक होतं. तेवढ्यावर बँड डोंगरभर गाजला.

आमच्या मोहाडी भागात हे समजायला अवघड जाऊ नये. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई भरते आणि रात्री कुठे दंडार, कुठे खडी गंमत, कुठे नाटक रंगतं. धान निघायच्या दिवसांत पोरं जमतात, पेटी-ढोलकी गोळा होते, कुणीतरी नाच्या होतो, आणि मंडळ उभं राहतं. एखादं मंडळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पुष्कळशी दोन-तीन मंडयांत आटोपतात. एक नागपूरला नोकरीला लागतो, एकाचं लग्न होतं, पेटीवाल्याचा भाऊ पेटी घेऊन जातो. लोक त्याला अपयश म्हणत नाहीत. मंडळ होतं, चांगलं होतं, झालं.

हेक्टिक्सचंही असंच झालं. 1962 च्या सुमारास मुलं पांगली. अभ्यासात मागे पडलेला फारोख झांझिबारला परतला. 12 जानेवारी 1964 ला तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब नेसत्या वस्त्रांनिशी म्हणावं तसं निघून लंडनजवळच्या फेल्टमला आलं. 1966 ते 1969 फ्रेडी ईलिंगच्या कलामहाविद्यालयात ग्राफिक कला शिकला.

त्यानंतरचं वर्ष त्याच्या चरित्रात भराभर उरकलं जातं, पण मला तेच महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट 1969 मध्ये तो ‘आयबेक्स’ या लिव्हरपूलकडच्या बँडमध्ये गायक म्हणून शिरला. 23 ऑगस्टला बोल्टन गावी पहिला कार्यक्रम. थोड्याच आठवड्यांत बँडचं नाव बदलून ‘रेकेज’ झालं, आणि वर्ष संपेतो रेकेज मोडलं. याच काळातल्या एका कार्यक्रमात मायक्रोफोनचा जड स्टँड मधेच तुटून वरचा दांडा त्याच्या हातात राहिला. तो त्याने टाकला नाही. पुढे आयुष्यभर तोच अर्धा दांडा त्याची खूण झाला. 1970 च्या सुरुवातीला ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातली ‘गायक पाहिजे’ अशी जाहिरात बघून तो ‘सावर मिल्क सी’मध्ये गेला. हा बँड दोनेक महिन्यांत बुडाला. गाणी कशी असावीत यावरून वाजलं आणि ज्याच्या मालकीचं सामान होतं तो गिटारवादक ते घेऊन निघून गेला. पेटीवाल्याचा भाऊ सगळीकडे असतो.

मग ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत 1970 मध्ये ‘क्वीन’, 1971 मध्ये जॉन डीकन, 1973 ला पहिला अल्बम, 1975 ला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ती ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. पुढचं सगळं 2018 च्या त्याच नावाच्या चित्रपटाने घरोघर पोचवलं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. एवढंच लक्षात घ्यावं, की जे गाणं जगभर गाजलं ते पियानोवर उभं आहे. त्या मोडक्या बँडांनी त्याला गर्दीपुढे उभं राहायला शिकवलं. पियानो मात्र पाचगणीचा. फ्रेडी स्वतः मुलाखतींत पाचगणीचं नाव फारसं काढत नसे. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला.

बाकीच्या चौघांचं काय? ब्रूस मरे इंग्लंडला स्थायिक झाला. फरांग इराणीने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये नट झाला. 1979 ते 1982 दरम्यानच्या ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या गाजलेल्या विनोदी मालिकेत त्याने रुग्णालयातल्या परिचारकाचं काम केलं, आणि त्या पात्राचं आडनाव होतं गुप्ते! पुढे 1985 च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’मध्येही तो होता. ड्रम बडवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात वरच्या हुद्द्याला पोचला आणि 1999 ते 2001 सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. एका शाळेच्या हॉलमधून एक गायक, एक नट, एक सेनानी आणि एक हॉटेलवाला निघावा, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती त्याच गाणाऱ्याचं नाव सगळ्यांत कमी लोकांना माहीत असावं.

हेक्टिक्सची आठवण टिकली ती छायाचित्रांमुळे आणि त्यांत कोण कोण आहे हे सांगणारी माणसं वेळेवर भेटली म्हणून. या मंडईच्या दिवसांत तुमच्या घरच्या पेटीत एखाद्या दंडारीचा, ऑर्केस्ट्राचा, धुमाल पार्टीचा जुना फोटो सापडला, तर घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर त्याला विचारा आणि फोटोच्या मागे सगळ्यांची नावं लिहून ठेवा. नुसतं पुढे उभ्या असलेल्याचं नको, ढोलकीवाल्याचंही लिहा.