पावतीआधीची तपासणी

ग्राहकाने आणलेली फाइल तपासण्याचे काम छापखान्यात काउंटरवरच, पावती फाडण्यापूर्वी होते. निदान व्हायला हवे. ऑफसेटवर चार रंगांच्या चार अॅल्युमिनियम प्लेट निघाल्या की त्या दुसऱ्या कामाला चालत नाहीत. त्यानंतर चूक सापडली तर नव्या प्लेट काढाव्या लागतात, छपाई झालेली असेल तर कागदही वाया जातो. पैसे घेतले म्हणजे फाइल चालण्याजोगी आहे असे छापखान्याने मान्य केले, अशी ग्राहकाची समजूत असते आणि ती गैर म्हणता येत नाही. शिवाय फाइल उघडून पाहिल्याशिवाय दर तरी कशाचा सांगणार? दुरुस्तीला दहा मिनिटे लागतील की अख्खे डिझाइन नव्याने करावे लागेल, हे तिथेच कळते.

आधी माप पाहतात. साडेतीन बाय दोन इंचांचे व्हिजिटिंग कार्ड म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर. रंग कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, हवे, म्हणजे फाइल ९५ बाय ५७ची झाली. कटिंग मशिनवर पाती केसभर सरकली तर ब्लीडअभावी कडेला पांढरी रेघ उमटते. फोन नंबर अगदी कडेला टेकवलेला असेल, तर त्याचा शेवटचा आकडाच कापला जातो.

मग फोटो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाइलवर सुरेख दिसतो, पण कागदावर तो चार इंचांपलीकडे ताणता येत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत दाबले जाते, म्हणून जाणते ऑपरेटर तेच डॉक्युमेंट म्हणून मागवतात. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने त्याला याहून बरेच कमी पिक्सेल पुरतात.

रंगाची तक्रार सर्वांत जास्त येते. पडद्यावर झगमगणारा पोपटी चार शाईंत तसा उतरत नाही, आणि गडद निळ्यात मॅजेंटा वाढला की तो जांभळा होतो. बारीक मजकुराचा काळा चारही शाईंचा असेल तर प्लेट किंचित हलताच अक्षरांना रंगीत सावली येते. तो नुसत्या काळ्याचा करून घ्यावा लागतो. स्वस्तातली कार्डे अनेक ग्राहकांची मिळून एकाच शीटवर छापतात. तिथे एकट्याच्या कार्डाचा रंग वेगळा साधता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मराठी कामात खरा वेळ जातो तो फॉन्टवर. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट छापखान्याच्या संगणकावर नसेल तर निमंत्रणाच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये असलेला मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. म्हणून फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर करून मागतात. मात्र कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइलही जवळ असलेली चांगली.

मजकुराची जबाबदारी ग्राहकाची. तरी लग्नपत्रिकेतली तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहणारा माणूस काउंटरवर असणे छापखान्याच्याच फायद्याचे असते. संगणकाची प्रीफ्लाइट तपासणी फॉन्ट, रंग आणि पिक्सेल पकडते. चुकीचा वार तिला दिसत नाही.

लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकांना कायद्याची वेगळी अट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत. प्रकाशकाने सही केलेले आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले निवेदन दोन प्रतींत हाती आल्याशिवाय मुद्रकाने पत्रक छापायचे नाही. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घाईचा कार्यकर्ता रोख रक्कम पुढे करतो तेव्हाच हे कागद मागायचे असतात.

शेवटी प्रूफ. त्यावर ग्राहकाची सही आणि तारीख घेतात, मग अॅडव्हान्स. सहीनंतर ग्राहकाने सुचवलेला बदल वेगळ्या आकाराने होतो. सही केलेल्या प्रूफशी छपाई जुळली नाही तर ते काम छापखान्याने पदरमोड करून पुन्हा छापून द्यायचे असते.