गाळणीत उरलेलं

आमच्या भागात कॅन्सर झाला असं कोणी म्हणत नाही. ‘टाटाला नेलंय’ म्हणतात, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. दादाला नेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी ११ दिवसांची रजा काढली आणि कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. वहिनीला जरा सुटी द्यायला जातोय, असं ऑफिसात सांगितलं होतं. सुटी द्यायची म्हणजे नक्की काय करायचं, याचा मला पत्ता नव्हता.

दादाच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि तिसांपैकी १४ लाईट झाले होते. रेडिएशनला तिथे सगळे लाईटच म्हणतात. धर्मशाळेच्या सामायिक ओट्यापाशी मिक्सरसाठी थांबलेल्या बायका एकमेकींना ‘जेवलीस का’ न विचारता ‘किती झाले?’ असं विचारतात. दादाला तोंडाने काही गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली. सकाळी ६ ते रात्री १०, दर दोन तासांनी २०० मिली. दिवसाला नऊ वेळा.

पहिल्या दिवशी मी नुसता बघत बसलो. वहिनी आधी नाकाशी असलेली नळीवरची खूण बघायची. नळी सरकली असेल तर तिला हात लावायचा नाही, थेट सिस्टरकडे जायचं. मग दादाच्या पाठीशी उशा लावून त्याला बसतं करायचं. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नळी चिमटीत दाबून सिरिंज जोडायची, पेज ओतायची आणि चिमूट सोडायची. हात वर नेला की पेज भराभर उतरते, खाली आणला की रेंगाळते. दुसऱ्या दिवशी हे माझ्याकडे आलं तेव्हा पेज अडली आणि मी दट्ट्या लावायला गेलो. ‘भावजी, ढकलायचं नाही,’ ती म्हणाली. ‘आपलं आपण जाऊ द्यायचं.’ शेवटी नळी धुवून निघेल इतकं पाणी. आणि त्यानंतर अर्धा तास दादाला आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर पोटातलं वर येऊन छातीत जायची भीती.

मी घड्याळ लावून पाहिलं. पेज शिजवणं, मिक्सरची रांग, गाळणं, भरवणं, भांडी आणि सिरिंज उकळत्या पाण्याने धुणं, मग तो अर्धा तास. दोन तासांतला दीड तास यातच जातो. उरलेल्या अर्ध्या तासात औषधं आणायची, कपडे धुवायचे, गावाकडून आलेल्या फोनवर ‘बरं आहे’ म्हणायचं. लाईटला जायच्या दिवशी तोही नाही.

नळीतून जायचं म्हणून सगळं दोनदा गाळावं लागतं. नाचणी, मूगडाळ, गाजर, उकडलेलं अंडं. गाळणीत चोथा उरतो. वहिनी तो वाटीत काढायची, वर मीठ टाकायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच खायची. मला वाटलं, त्या दिवशी वेळ झाला नसेल. चौथ्या दिवशी कळलं की तिचं जेवण तेच होतं. ‘टाकून द्यायचं का एवढं?’ तिने मलाच विचारलं.

रात्री मी दादापाशी झोपायला लागलो. बोलता येत नाही म्हणून तो चमच्याने स्टीलची वाटी वाजवायचा. लाईटने तोंडातली लाळ चिकट, दोऱ्यासारखी होते, ती काढून द्यावी लागते. एका रात्रीत सहा वेळा, सात वेळा. पाचव्या रात्री वाटी वाजली आणि मी ऐकू न आल्यासारखा पडून राहिलो. सख्ख्या भावाचा मला राग आला होता. अंधारात वहिनी उठून आली, काही न बोलता तिने टॉवेल घेतला. सकाळी तिने तो विषय काढला नाही, आणि माझ्याच्याने काढवला नाही.

तिला बीपी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, गावाकडच्या डब्यात राहिल्या. तीन महिने! जवळच्या दवाखान्यात नेलं, १७० वर १०० निघालं. दादाच्या जाडजूड फायलीत त्याचं वजन, रक्त, हिमोग्लोबिन, सगळं आहे. ती फाईल हातात धरणारीचं त्यात काही नाही. डॉक्टरांना बोल लावत नाही. मी स्वतः रोज फोन करून ‘दादा कसाय?’ एवढंच विचारत होतो. गंमत म्हणजे रेल्वेला मात्र ही बाई दिसते. स्लीपरला कॅन्सरच्या पेशंटला पूर्ण माफी आणि सोबत्याला भाड्यात ७५ टक्के सूट आहे.

पुढे कधीतरी वाचलं, की १९९९ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ६६ ते ९६ वयाच्या नवरा-बायकोंचा एक अभ्यास आला होता. जोडीदाराचं करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांचं चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, असं काही करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. ती माणसं वहिनीहून म्हातारी, आणि त्यांचे जोडीदार काही सगळे कॅन्सरचे नव्हते. तरी तो आकडा वाचल्यावर मी तिला फोन केला आणि गोळी घेतली का ते विचारलं.

दादाची नळी निघाली. आता दर खेपेला तपासणीला जाताना वहिनीचं बीपीही बघतो, आणि फायलीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो. शेवटचं १३८ वर ८६ आहे.

अशा कुणाला भेटायला जाणार असाल तर मोसंबी नेऊ नका, पेशंटला ती खाता येत नाहीत. एका माणसाचा गरम डबा न्या. नळीतून भरवायचं शिकून घ्या आणि लागोपाठ दोन वेळा तुम्ही भरवा. तेवढ्यात तिला झोपू द्या. उठली की तिच्या गोळ्यांचं पाकीट कुठे आहे ते विचारा, आणि ती ‘आहे कुठेतरी’ म्हणाली तर दवाखान्यात घेऊन जा.